हसणाऱ्या पक्ष्याचं स्टेशन

भीमसेन आमच्या शाळेत शिपाई होता, आणि आमच्या शाळेची घंटा रेडिओच्या वेळेवर चाले. सकाळच्या बातम्यांआधी आकाशवाणीवर वेळेचे ठोके पडत, त्यांच्यावर तो आपलं मनगटी घड्याळ जुळवून घेई आणि दिवसभर त्या घड्याळावर घंटा देई. बेळगावच्या कॅम्पात आमची घंटा आणि लष्कराचा भोंगा यांत अर्ध्या मिनिटाचा फरक पडला, तर आजूबाजूचे दुकानदार भोंग्याला दोष देत.

वयानं तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी शाळेत सगळे त्याला अरेतुरे करत, आणि मी १९६८ साली रुजू झालो तेव्हा मीही तेच उचललं. पुढे मी एकदा अहोजाहो सुरू केलं, तर त्यानं विचारलं, "सर, माझं काय चुकलं काय?" म्हणून इथंही मी 'तो' असंच लिहितो आहे.

शाळेच्या मागं त्याला एक खोली होती. तिथं तो आणि त्याची बायको सुलाबाई राहत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली फळीवर रेडिओ, रेडिओच्या बाजूला पोस्टातून दरवर्षी शिक्का मारून आणलेलं लायसनचं पुस्तक. आणि खाटेखाली दोन लोखंडी ट्रंका. या ट्रंकांत भीमसेनची पुस्तकं होती. गोष्टीची नव्हेत, कवितेची नव्हेत. रेडिओ स्टेशनांच्या याद्यांची.

अशी पुस्तकं असतात हे मला त्याच्याकडं पाहूनच कळलं. जगातल्या कुठल्या शहरातून कुठलं स्टेशन लागतं, किती मीटरच्या लहरीवर, कुठल्या वारी, किती वाजता, हे सगळं त्यांत छापलेलं असे. काही पुस्तकं १९३० च्या आसपासची, मुंबईचं स्टेशन सुरू होऊन तीन-चारच वर्षं झाली होती तेव्हाची. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत ती आली, साहेब गेल्यावर रद्दीत पडली. बदली होऊन जाणारे लष्करी अधिकारी सामान विकत, तेव्हा भीमसेन तिथं जाऊन खुर्च्या-टेबलांकडं न बघता कागदांच्या ढिगाशी बसे. कॅम्पातले रद्दीवाले त्याच्यासाठी अशी पुस्तकं बाजूला ठेवत. शिवाय तो परदेशी स्टेशनांना पत्रं पाठवी. तुमचं स्टेशन अमुक तारखेला, अमुक मीटरवर, असं असं ऐकू आलं. पत्राचं इंग्रजी मी लिहून देत असे. उत्तरादाखल रंगीत कार्डं आणि कार्यक्रमांची पत्रकं येत. आणीबाणीत एक साध्या वेषातला पोलीस या परदेशी टपालाची चौकशी करायला आला होता. दोन्ही ट्रंका उघडून बघितल्यावर त्यानं क्रिकेटची कॉमेंट्री नीट कुठं लागते तेवढं विचारलं आणि चहा पिऊन गेला.

शिक्षकांच्या खोलीत भीमसेनला 'स्टेशनमास्तर' म्हणत. आमचे ड्रॉइंगमास्तर आण्णाप्पा एकदा त्याला म्हणाले, "दुनियेतली स्टेशनं पाठ केलीस, आणि बेळगावच्या स्टेशनात गाडी कधी येते ते विचारलं तर मान हलवतोस."

"ती आली की दिसतीच की सर," भीमसेन म्हणाला. "तिला खुणेची गरज न्हाय."

खूण हा शब्द त्याच्या बोलण्यात फार येई. त्या काळी ऐकणाऱ्याला समोरच्या स्टेशनाची भाषा कळेलच असं नव्हतं. म्हणून प्रत्येक स्टेशन कार्यक्रम सुरू होण्याआधी आपली एक खूण वाजवी. कुठं घंटेचे तीन ठोके, कुठं घड्याळाची टिकटिक, कुठं एखाद्या गाण्याची चार सुरांची ओळ. जुन्या पुस्तकांत प्रत्येक स्टेशनापुढं ही खूणही लिहिलेली असे. नवीन पुस्तक हाती आलं की भीमसेन मीटर बघत नसे, वेळ बघत नसे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत खुणांच्या ओळीवरून बोट फिरवत जाई. इंग्रजी तो लावून लावून वाची, पण एक शब्द त्याला लांबून ओळखता येई. 'पक्षी'.

त्याचं कारण त्यानं मला तीन-चार वर्षांच्या ओळखीनंतर सांगितलं.

उचगावच्या पलीकडं त्यांचं लहानसं गाव आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून नांदती आहेत. भीमसेनचे वडील सत्याप्पा तरुणपणी कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बागेत कामाला होते. साहेबानं रेडिओ आणला, तेव्हा त्याची तार बांधायला बागेतल्या निलगिरीवर सत्याप्पाच चढले. पुढं एका रविवारी वाऱ्यानं तार सुटली. साहेबानं सुट्टीच्या दिवशी त्यांना गावाहून बोलावून घेतलं. सत्याप्पा झाडावर तार बांधत होते, आणि जोड नीट लागला की त्यांना वरच कळावं म्हणून साहेबानं खिडकी उघडून रेडिओचा आवाज मोठा केला. आधी खरखर आली. मग त्या खरखरीतून एक पक्षी हसला. माणसासारखा, आधी दबकत आणि मग मोठमोठ्यानं, कुणी थांबवल्यावरही थांबू नये तसा.

सत्याप्पांनी संध्याकाळी गावात येऊन हे सांगितलं. गावानं तोवर रेडिओ पाहिलेला नव्हता. यंत्र बोलतं हे लोकांनी कसंबसं मान्य केलं. पण यंत्रात पक्षी, आणि तोही हसतो, हे कुणाच्या गळी उतरलं नाही. सत्याप्पांची चेष्टा सुरू झाली आणि ती जन्माला चिकटली. रस्त्यातून जाताना लोक विचारत, "काय सत्या, हसला का पक्षी आज?"

चेष्टेवर भागलं असतं तर ते विसरले असते. पण या पक्ष्यानं पुढं त्यांचं फार मोठं नुकसान केलं.

जुन्या गावगाड्यात शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष अखेरची धरत. शीव कुठून कुठं जाते, कुठला दगड कुणाच्या आजानं रोवला, हे त्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असे. सत्याप्पांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी हाताला धरून सगळी शीव फिरवून आणली होती. १९५३ साली मोजणीदार आला. गावाबाहेर ओढ्यालगत या लोकांची मसणवट होती, आणि तिला लागून परशराम नावाच्या शेतकऱ्याचं रान. मसणवटीची हद्द कुठवर, असा प्रश्न निघाला. सत्याप्पांना बोलावलं. ते दगडांच्या जागा दाखवू लागले. तेव्हा परशराम मोजणीदाराला म्हणाला, साहेब, ह्याचं काय ऐकताय, ह्यानं रेडिओत पक्षी हसताना ऐकलाय. मग ती सगळी कथा त्यानं नकलेसह सांगितली. मंडळी हसली, मोजणीदारही हसला. सत्याप्पांचा जबाब कागदावर चढलाच नाही. मसणवटीची ओढ्याकडची पट्टी परशरामच्या रानात गेली. पुढच्या हंगामात तिच्यावरून नांगर फिरला.

त्या पट्टीत भीमसेनची आई तानीबाई पुरलेली होती. ती गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

"त्या दिवसापास्नं आप्पा शिवेचं एक अक्षर बोलले न्हाईत," भीमसेन मला म्हणाला. "पक्ष्याचं बी न्हाय. मी म्हटलं, कुठंतरी छापलेलं असंलच की. एकदा दाखवलं म्हंजे झालं."

म्हणून त्या दोन ट्रंका.

१९७५ च्या सुमारास त्याला १९३७ सालचं एक पुस्तक मिळालं. त्यात इटलीच्या स्टेशनापुढं खूण लिहिलेली होती, पक्ष्याचं गाणं. भीमसेन घंटा द्यायची विसरला, असं त्या दिवशी प्रथमच घडलं. विशेष म्हणजे ते स्टेशन आजही तीच खूण वाजवतं, असं त्याच्या नव्या पत्रकात होतं. त्यानं आठ दिवस संध्याकाळी काटा फिरवून ती जागा पक्की केली आणि एका रविवारी रेडिओ पिशवीत घालून गाव गाठलं. त्यानं मलाही बरोबर नेलं.

सत्याप्पांना मी तेव्हा प्रथम पाहिलं. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसण्याची पद्धत. मला 'मास्तर' म्हणत. दिवस मावळता मावळता भीमसेननं घरासमोरच्या कट्ट्यावर रेडिओ लावला. दहा-पंधरा माणसं जमली. परशरामही आला होता, आता म्हातारा, हातात काठी. खरखर झाली, आणि मग अगदी स्वच्छ, चावीच्या खेळण्यातल्या बुलबुलासारखा पक्षी गाऊ लागला. थांबला, पुन्हा गायला. लोक एकमेकांकडं बघू लागले. भीमसेन रेडिओकडं बघत नव्हता, वडिलांकडं बघत होता.

सत्याप्पांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यो न्हवं," ते म्हणाले.

परशरामनं काठी टेकली. "घे की रं सत्या," तो म्हणाला. "इतक्या वर्सांनी पक्षी घावलाय, तर व्हय म्हण आन् मोकळा हो. आम्ही बी व्हय म्हणतो."

"ह्यो गातोय," सत्याप्पा म्हणाले. "माझा हसत हुता."

आणि उठून आत गेले. लोक पांगले. भीमसेननं रेडिओ पिशवीत घातला. परत येताना बसमध्ये तो एवढंच म्हणाला की आप्पांनी व्हय म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं. त्याच्या त्या बोलण्यात राग होता. 

त्यानंतर दोन वर्षं त्यानं ट्रंका उघडल्या नाहीत. मला वाटलं, हा नाद संपला.

१९७८ च्या उन्हाळी सुट्टीत शाळेच्या ग्रंथालयाची मोजणी होती. ग्रंथालय माझ्याकडं होतं. वाळवी लागलेली पुस्तकं बाजूला काढताना एका शेतकीच्या पुस्तकाची बांधणी सुटली आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा चिकटवलेला कागद उलगडला. कागदावर इंग्रजी आकडे होते. मी सहज म्हटलं, भीमसेन, हे बघ, तुझ्या स्टेशनांसारखं दिसतंय.

त्यानं तो पुठ्ठा हातात घेतला आणि तो खाली बसला.

पुस्तकं बांधायचं काम शाळेत तोच करी. मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचा, पुठ्ठ्याला आतून रद्दी कागदाचे दोन-तीन थर द्यायचे, मग वरून कापड. नोकरीला लागल्यावर पहिल्या सात-आठ वर्षांत त्यानं अशी पन्नासेक पुस्तकं बांधली होती. थरासाठी कागद कुठला, तर एका बंगल्यातून शाळेला दान आलेल्या पेटीतला. इंग्रजीतली पातळ चोपडी होती, कुणाला त्यांचा उपयोग नव्हता. हेडमास्तरांनी सांगितलं होतं, वापरून टाक. तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पुढं गावोगावच्या रद्दीत तो जे शोधत फिरला, ते त्यानं स्वतःच फाडून, खळ लावून, शाळेच्या कपाटात डकवून ठेवलं होतं.

हेडमास्तर त्या वेळचे कडक होते. बांधणी सोडवायला त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. एका वेळी दोनच पुस्तकं सोडवायची आणि शनिवारपर्यंत पुन्हा बांधून जागेवर ठेवायची. भीमसेननं ती अट वाकवली नाही. ओलं फडकं पुठ्ठ्यावर तासभर ठेवायचं, कोपऱ्यातून सुरी न लावता नखानं कागद उचलायचा, सुलाबाईंनी तो पाटावर पसरून सावलीत वाळवायचा. एखादा कागद लगद्यासारखा हाती येई. एखाद्यावर अर्धंच पान. जुलै गेला, ऑगस्ट गेला. पावसाळी हवेत कागद वाळत नसत, तेव्हा सुलाबाई चुलीच्या उबेला धरून बसत.

गणपतीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात तो वर्ग चालू असताना माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. असं तो कधी करत नसे. हातात वर्तमानपत्रात ठेवलेलं एक पान होतं, १९३४ सालच्या चोपडीतलं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराचं स्टेशन. दर रविवारी. आणि खुणेच्या जागी लिहिलं होतं, आरंभी आणि अखेरीस कूकाबुरा पक्ष्याचं हसणं.

मी त्याला मराठीत सांगितलं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"हसणं असंच हाय नव्हं सर? गाणं न्हाय? माझ्यासाठी म्हणून सांगत न्हाय नव्हं?"

मी मुलांसमोर शब्दकोश उघडून त्याला तो शब्द दाखवला. त्यानं वाचला, मान हलवली, आणि घंटेची वेळ झाली होती म्हणून गेला.

त्या रविवारी आम्ही पुन्हा गावी गेलो. या वेळी रेडिओ नव्हता, आणि भीमसेननं कुणाला जमवलं नाही. सत्याप्पा भिंतीला टेकून बसले होते. मधल्या दोन-तीन वर्षांत फार खचले होते. भीमसेननं पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं. सिडनी. रविवार. हसणं. सत्याप्पांना अक्षर येत नव्हतं, तरी ते त्या बोटाबरोबर पानावरून नजर नेत होते.

"कुठं घावलं?" त्यांनी विचारलं. भीमसेननं बांधणीची हकीकत सांगितली. ते थोडंसं हसले.

"किती वर्सं हुडकीत हुतास?"

"सात. मधली दोन सोडली तर."

"सात वर्सं." त्यांनी पान हलकेच त्याच्याकडं सरकवलं. "म्हंजे तुला बी खरं वाटत न्हवतं."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. नवीन काही कळल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाले. भीमसेननं पान परत वर्तमानपत्रात ठेवलं. मी त्याच्या बाजूनं काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे बोलता आलं असतं ते खरं नव्हतं. नंतर एकदा त्यानं मला आपणहून सांगितलं की १९५३ साली मोजणीच्या दिवशी तो तिथं होता, आणि सगळे हसले तेव्हा तोही मान खाली घालून हसला होता. एकवीस वर्षांचा होता, लाज वाटली म्हणून. आप्पांनी ते बघितलं होतं.

दोन आठवड्यांनी गावाहून निरोप आला. मास्तरांना घेऊन ये, कागद आणि दौत-पेन आण.

आम्ही गेलो तर सत्याप्पा धोतर बदलून, डोक्याला पटका बांधून तयार होते. भीमसेनच्या खांद्याचा आधार घेऊन ते ओढ्याकडं निघाले. पंचवीस वर्षांत त्यांनी शिवेचा उच्चार केला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पहिल्या दगडापासून सुरुवात केली. इथनं ओढ्याच्या वळणापोत्तर चाळीस पावलं. मग जांभळीचं झाड, आता खोड उरलंय. मग पांढरा दगड, आज्यानं रोवलेला, वर चुना. मी हातावर पाटी आणि तिच्यावर कागद धरून लिहीत होतो. दम लागला की ते थांबत, आणि पुन्हा जिथं सोडलं तिथूनच धरत, एक शब्द इकडं-तिकडं न होता.

पट्टीत भुईमुगाची काढणी झाली होती. परशराम बांधावर उभा होता. आम्हाला अडवायला आला असावा, पण तो बांध उतरून पुढं आला नाही. सत्याप्पा रानाच्या कडेला आले, काठीनं पांढऱ्या दगडाची जागा दाखवू लागले आणि घोटाळले. सगळं सारखं झालं होतं. काठी एका ठिकाणी टेकली, उचलली, दुसरीकडं टेकली.

"तिथं न्हाय," परशराम बांधावरून म्हणाला. "नांगराला लागतोय त्यो. हिकडं, पाच पावलं."

 परशरामनं काठीनं बोट केल्यासारखं एका जागी दाखवलं आणि तो पाठ फिरवून आपल्या खोपीकडं गेला. भीमसेननं तिथली माती हातानं बाजूला केली. वीतभर खाली दगड होता. चुना गेला होता. सत्याप्पांनी त्याच्यावर तळवा ठेवला. मग दगडापासून मसणवटीकडं तीन पावलं टाकून ते उभे राहिले आणि भीमसेनला म्हणाले, "तुझी आई हितं हाय." भीमसेनला जागा नक्की आठवत नव्हती. तो तिथं बसला. 

घरी आल्यावर सत्याप्पांनी सगळं वाचून दाखवायला सांगितलं. मी हौसेनं एक प्रस्तावना लिहिली होती. या गृहस्थांच्या शब्दावर पूर्वी अविश्वास दाखवला गेला, परंतु त्यांनी ऐकलेला पक्षी सोबतच्या छापील पुराव्यानं खरा ठरला आहे, वगैरे. ते वाचून होताच त्यांनी हात वर केला.

"त्यो पक्षी काढा त्यातनं."

मी म्हटलं, आप्पा, तो असला तर तुमच्या जबाबाला बळ येईल.

"दगडाला पक्षी कशाला लागतोय, मास्तर? दगड हाय तिथं."

भीमसेननं माझ्याकडं बघून मान हलवली. खाडाखोड केलेला कागद कचेरीत चालत नाही, म्हणून मी नवा ताव घेतला आणि ओढ्याच्या वळणापासून पुन्हा सगळं लिहून काढलं. त्याला तासभर लागला. सत्याप्पा तेवढा वेळ हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते. लिहून झाल्यावर त्यांनी पुन्हा ऐकलं, पावलांचा एक आकडा दुरुस्त करायला लावला, आणि डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. भीमसेननं तो धरून शाई लावली. साक्षीदार म्हणून खाली त्यानं आपलं नाव लिहिलं, इंग्रजीत नाही, कानडीत नाही, मराठीत, आणि नावापुढं बापाचं नाव पूर्ण लिहिलं.

तो कागद आम्ही तालुक्याला दिला. सत्याप्पा १९८१ साली गेले, तोवर उत्तर आलं नव्हतं, आणि नंतरही आलं नाही. त्यांना मसणवटीत नेलं तेव्हा खड्डा कुठं खणायचा हे भीमसेननं दाखवलं. ओढ्याकडच्या पट्टीत, दगडाच्या अलीकडं तीन पावलांवर, आईच्या शेजारी. परशरामच्या रानात त्या वर्षी भुईमूग उभा होता. त्याच्या मुलांनी सकाळीच तेवढ्या जागेतलं पीक उपटून ठेवलं होतं.